उदगीरच्या लढाईत फ्रेंच कुठून आले?

अहमदपूरहून शिरूर ताजबंदमार्गे उदगीर म्हणजे तासाभराचा रस्ता. तिथल्या किल्ल्याजवळची 1760 ची लढाई आपल्याला शाळेपासून माहीत आहे: एका बाजूला निजाम, दुसऱ्या बाजूला सदाशिवरावभाऊ, आणि विजय मराठ्यांचा. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण एक प्रश्न विचारून बघा. त्या दिवशी मराठ्यांच्या बाजूने ज्या तोफा आणि पलटणींनी निजामाला जेरीस आणलं, त्यांना ती कवायत शिकवली कोणी?

उत्तर आहे फ्रेंचांनी. तेही मराठ्यांसाठी नाही, निजामासाठी!

माझा पीएच.डी.चा विषय अठराव्या शतकातल्या दख्खनमधल्या फौजा आणि त्यांचा पगार हा आहे. "पगारावर काय पीएच.डी. करायची?" असं बरेच जण विचारतात. या लेखात त्याचंच उत्तर द्यायचंय. फ्रेंच, निजाम, मराठे आणि इंग्रज या चौघांचं नातं समजून घ्यायचं असेल, तर कोण कुणाशी लढलं यापेक्षा कोणाच्या फौजेचा पगार कोण आणि कशातून देत होतं, हे आधी बघावं लागतं.

फ्रेंच दख्खनमध्ये आले कसे?

फ्रेंच आले ते व्यापारी म्हणून. 1674 मध्ये पाँडिचेरी, मग चंद्रनगर, माहे, यानम, कारैकल अशा त्यांच्या वखारी झाल्या. मद्रासला इंग्रज, शेजारी पाँडिचेरीला फ्रेंच. कापडाच्या धंद्यात दोघांची चुरस होती, आणि युरोपात युद्ध पेटलं की इथेही ते भिडायचे.

1746 मध्ये मद्रासजवळ अड्यार नदीकाठी एक छोटी घटना घडली आणि तिने चित्र बदललं. फ्रेंचांच्या काही शे लोकांच्या कवायती तुकडीने अर्काटच्या नवाबाच्या कितीतरी मोठ्या फौजेला मागे रेटलं. रांगेत उभं राहून, हुकुमासरशी, पाळीपाळीने बंदुका झाडणारं पायदळ घोडदळाला थोपवू शकतं, हे सगळ्यांना दिसलं. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याच्या लक्षात आलं, की आपल्याकडे कापडापेक्षा महाग विकता येईल असा माल आहे. तो म्हणजे फौज.

गिऱ्हाईकही लगेच मिळालं. 1748 मध्ये पहिला निजाम वारला आणि गादीसाठी घरातच भांडणं लागली. डिसेंबर 1750 मध्ये मुलगा नासिरजंग मारला गेला. फ्रेंचांच्या पाठिंब्याने नातू मुजफ्फरजंग पुढे आला, पण फेब्रुवारी 1751 मध्ये तोही कडप्याकडच्या वाटेवर मारला गेला. फ्रेंच तुकडीचा सरदार बुसी याने छावणीतच निजामाचा दुसरा मुलगा सलाबतजंग याला गादीवर बसवलं आणि त्याला घेऊन हैदराबादमार्गे औरंगाबादला आला. सोबत सुमारे 300 फ्रेंच आणि 2000 कवायती हिंदी शिपाई.

मराठी कागदांत या माणसाचं नाव 'मुसा बुसी' असं येतं. 'मुसा' म्हणजे 'मस्य', फ्रेंच भाषेतलं 'श्रीयुत'. आपल्या कारकुनांनी ते नावालाच जोडून टाकलं!

या फौजेचा फायदा काय झाला?

सलाबतजंगाला दोन भीती होत्या. एक स्वतःच्या भावांची, दुसरी पेशव्यांची. नोव्हेंबर 1751 मध्ये बुसी आणि सलाबतजंग पुण्याच्या रोखाने निघाले. कुकडी नदीच्या काठी ग्रहणाच्या रात्री मराठ्यांची छावणी स्नान-दानात असताना त्यांनी छापा घातला. फ्रेंच लिखाणात या रात्रीचं वर्णन मोठ्या अभिमानाने येतं. पण युद्ध तिथे संपलं नाही. मराठ्यांनी रसद तोडायचं आपलं नेहमीचं तंत्र वापरलं, आणि जानेवारी 1752 मध्ये शिंगव्याला तह झाला.

तो फार टिकला नाही. सलाबतजंगाचा थोरला भाऊ गाजीउद्दीन दिल्लीहून दख्खनची सुभेदारी घेऊन आला. पेशवे त्याच्या बाजूला. ऑक्टोबर 1752 मध्ये औरंगाबादेत तो विषप्रयोगाने वारला. पुढच्याच महिन्यात भालकीला तह होऊन, वऱ्हाडच्या पश्चिमेचा तापी ते गोदावरी यांच्या दरम्यानचा मुलूख पेशव्यांना मिळाला. भालकी म्हणजे आपल्या उदगीरच्या शेजारचंच गाव. या तहाची बोलणी करण्यात बुसी पुढे होता.

म्हणजे बघा, फ्रेंच फौजेने सलाबतजंगाची गादी वाचवली, पण मुलूख वाचवला नाही. पंचवीस कोसांवर पेशव्यांशी लढायचं आणि पाँडिचेरी मात्र शेकडो मैलांवर. अशा वेळी मराठ्यांशी जुळवून घेणंच बुसीला परवडणारं होतं.

आणि पगाराचं काय?

खरी गोम इथेच आहे. पाँडिचेरीहून या फौजेला पैसा येत नव्हता. पगार निजामाच्या खजिन्यातून, आणि खजिना कायम रिकामा. जहागिरी सरदारांकडे, चौथाई मराठ्यांकडे. मग उरलं काय?

1753 च्या सुरुवातीला बुसी आजारी पडून मच्छलीपट्टणला गेला. त्याची पाठ वळताच दिवाण सय्यद लष्करखान याने फ्रेंच फौजेचा पगार अडवला आणि तुकड्या वेगवेगळ्या ठिकाणी पांगवल्या. सोबत मद्रासच्या इंग्रजांशीही त्याने पत्रव्यवहार सुरू केला. लढाई न करता फौज मोडायचा हा साधा उपाय होता. बुसी परतला, फौज गोळा केली, औरंगाबादवर आला आणि वर्षअखेरीला नवी व्यवस्था करून घेतली. महिन्याला हात पसरायचा नाही, पगारापोटी मुलूखच घ्यायचा. मुस्तफानगर, एलोर, राजमहेंद्री आणि चिकाकोल हे समुद्रकाठचे चार 'सरकार' फ्रेंच फौजेच्या खर्चासाठी लावून दिले गेले. ('सरकार' म्हणजे त्या काळचा महसुली जिल्हा.)

फौज निजामाची, हुकूम फ्रेंच सरदाराचा आणि महसूल रयतेचा. ही रचना नीट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

दरबारातल्या लोकांना यातला धोका कळत नव्हता असं अजिबात नाही. पुढचा दिवाण शाहनवाजखान याने 1756 मध्ये बुसीला सरळ नोकरीतून काढलं आणि मद्रासच्या इंग्रजांकडे मदत मागितली. एका टोपीकराला काढायला दुसरा टोपीकर! पण त्याच सुमाराला कलकत्ता सिराजउद्दौलाच्या हाती गेलं होतं. इंग्रजांची सगळी धावपळ बंगालकडे, त्यामुळे मदत आली नाही. बुसी हैदराबादेत चारमहालात मोर्चेबांधणी करून बसला, पाँडिचेरीहून कुमक आली, आणि सलाबतजंगाला त्याला परत घ्यावं लागलं.

मग तो गेला कसा?

बुसी इथे हरला नाही, त्याला परत बोलावलं गेलं. मे 1758 मध्ये औरंगाबादेत एकाच दिवशी बुसीचा दिवाण हैदरजंग आणि शाहनवाजखान दोघेही मारले गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत नवा फ्रेंच सेनापती लाली याच्या हुकुमावरून बुसी दक्षिणेत निघून गेला. एप्रिल 1759 मध्ये इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतलं. मे महिन्यात सलाबतजंगाने त्यांच्याशी करार करून, फ्रेंचांना आपल्या मुलखात ठेवणार नाही असं कबूल केलं. 22 जानेवारी 1760 ला वांदिवाशच्या लढाईत फ्रेंच हरले आणि बुसी इंग्रजांच्या कैदेत गेला.

त्यानंतर अवघ्या बारा दिवसांनी, 3 फेब्रुवारीला, उदगीर.

बुसीच्या पलटणींत एक माणूस तयार झाला होता, इब्राहिमखान. कवायती पायदळ आणि तोफखाना दोन्हीत तरबेज. बुसीकडून सुटल्यावर तो निजामअलीकडे गेला, आणि तिथून भाऊसाहेबांकडे. त्याच्या लोकांना 'गारदी' म्हणत. फ्रेंच 'गार्द', म्हणजे पहारा, या शब्दावरून हे नाव आलं असं सहसा सांगतात. सलाबतजंग आणि निजामअली धारूरच्या आपल्या फौजेला जाऊन मिळण्यासाठी उदगीरहून औश्याच्या बाजूने सरकत होते. मराठ्यांनी त्यांना गाठलं, आणि इब्राहिमखानाच्या तोफांनी कोंडी पूर्ण केली. तहात सुमारे 60 लाख उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी ठाणी मराठ्यांना मिळाली.

म्हणजे निजामाच्या पैशाने, फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेली कला मराठ्यांच्या पगारावर निजामाविरुद्ध वापरली गेली. या लढाईकडे 'हिंदू विरुद्ध मुसलमान' असं बघणाऱ्यांनी भाऊंचा तोफखाना कोणाच्या हातात होता ते एकदा बघावं. हाच इब्राहिमखान पुढच्या वर्षी पानिपतात शेवटपर्यंत लढला, पकडला गेला आणि अब्दालीच्या छावणीत मारला गेला.

अमेरिकेतही हेच झालं का?

त्याच वर्षांत फ्रेंच आणि इंग्रज उत्तर अमेरिकेतही लढत होते. युद्ध एकच, मैदानं दोन. 1759 मध्ये क्वेबेक पडलं, 1760 मध्ये मॉन्ट्रियल. तिथे फ्रेंचांची वस्ती सत्तर हजारांच्या आसपास, तर इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून कितीतरी जास्त लोक. संख्या कमी म्हणून फ्रेंचांना मूळ रहिवाशांच्या मैत्रीशिवाय गत्यंतर नव्हतं. ह्युरॉन, ओटावा, अबेनाकी अशा लोकांशी त्यांचा कातडी-केसाळ चामड्यांचा व्यापार, सोयरिकी, दरवर्षीच्या भेटवस्तू चालत. इंग्रज वसाहतवाल्यांना मात्र मुख्यतः जमीन हवी होती. 1763 च्या पॅरिसच्या तहाने फ्रेंच तिथून गेले, इंग्रजांनी भेटवस्तू आखडत्या घेतल्या, आणि त्याच वर्षी पाँटिअॅकच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला.

साम्य हे, की दोन्हीकडे फ्रेंच थोडे होते आणि म्हणून स्थानिकांवर अवलंबून होते. पण फरक महत्त्वाचा आहे. दख्खनमध्ये त्यांच्यासमोर मोठी राज्यं होती: दिवाण, दफ्तर, खजिना असलेली. ती फ्रेंचांना नोकरीवर ठेवू शकत होती, काढू शकत होती, त्यांचा पगार अडवू शकत होती, आणि त्यांची माणसं फोडूही शकत होती.

हे आपल्याला कळतं कुठून?

तीन भाषांतून, आणि तिन्ही वेगळं सांगतात. फ्रेंच पत्रांत बुसी दख्खनचा कर्ताधर्ता दिसतो. पेशवे दफ्तरातल्या मराठी पत्रांत तो नजर ठेवण्याजोगा एक सरदार आहे, कधी शत्रू तर कधी मध्यस्थ. फारसीत 'मआसिर-उल-उमरा' हा अमीर-उमरावांचा मोठा चरित्रकोश आहे, पण त्याचा लेखक म्हणजे तोच शाहनवाजखान, ज्याने बुसीला काढलं! त्याच्या खुनानंतर घर लुटलं गेलं आणि हस्तलिखिताची पानं पांगली. औरंगाबादचे विद्वान आझाद बिलग्रामी यांनी ती शोधून गोळा केली. तिघांपैकी एकावरच विश्वास ठेवला तर आपण एका बाजूचे वकील होतो. म्हणून मी पगाराचा धागा धरते. बढाई कोणीही मारो, पैसे थकले की तिन्ही भाषांत तक्रार येतेच.

या सगळ्याचा शेवट कुठे झाला?

फ्रेंच गेले, पण ती रचना राहिली. निजामअलीने पुढे रेमंड नावाच्या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली परत मोठी कवायती फौज उभारली. ती 1795 मध्ये खर्ड्याला मराठ्यांविरुद्ध लढली. हैदराबादचा मुसारामबाग हा भाग आजही या 'मुसा' रेमंडचं नाव सांगतो. मार्च 1798 मध्ये रेमंड वारला. 1 सप्टेंबरला इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा करार केला आणि ऑक्टोबरात फ्रेंच फौज बरखास्त करायला लावली. नव्या इंग्रज पलटणींचा खर्च वर्षाला 24,17,100 रुपये, देणार निजाम.

आता मघाची रचना आठवा. 1800 मध्ये निजामाने या फौजेच्या खर्चापोटी म्हैसूरकडून मिळालेला मुलूख इंग्रजांना देऊन टाकला. 1853 मध्ये 'हैदराबाद कंटिन्जंट' या दुसऱ्या एका फौजेच्या थकलेल्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव त्यांच्या हवाली केलं. धाराशिव आणि रायचूर 1860 मध्ये परत आले. वऱ्हाड मात्र इंग्रजांच्याच कारभारात राहिलं. 1753 चे चार सरकार आणि 1853 चं वऱ्हाड, मध्ये बरोबर शंभर वर्षं. युक्ती तीच, फक्त वापरणारा टोपीकर बदलला.

आणि फरक काय होता? बुसीला पगारासाठी निजामाच्या दिवाणाशी भांडावं लागायचं, कारण दिवाणाकडे दुसरा पर्याय असायचा: इंग्रज, मराठे, नाहीतर बुसीचेच फुटलेले लोक. 1798 नंतर फ्रेंच उरले नाहीत, 1818 नंतर पेशवेही उरले नाहीत. ज्याच्याकडे जायला दुसरं दार नसतं, त्याला समोरचा मागेल ती किंमत द्यावी लागते. निजाम मोडला तो लढाईत नव्हे, हिशोबात.

आपला अहमदपूर, उदगीर, निलंगा हा पट्टा 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात होता. त्यामुळे आपला इतिहास मराठी, फारसी-उर्दू आणि कन्नड मुलखांच्या सांध्यावर पडतो, आणि बरेचदा तिघांच्याही पुस्तकातून निसटतो. तुमच्या घरी जुने मोडी किंवा फारसी कागद असतील, वतनाचे, महसुलाचे, कसलेही, तर ते रद्दीत देऊ नका आणि लॅमिनेटही करू नका. कोरड्या जागी सुती कापडात ठेवा, मोबाईलवर नीट फोटो काढा आणि वाचणाऱ्याला दाखवा. फौजेचा पगार शेवटी कोणत्या गावच्या कोणत्या शेतातून गेला, हे सांगणारा कागद पॅरिसमध्ये सापडणार नाही. सापडला तर इथल्याच एखाद्या पेटीत सापडेल.

पुढच्या लेखात गारद्यांबद्दल सविस्तर: ते कोण होते, त्यांना किती पगार मिळायचा, आणि उदगीर जिंकून देणाऱ्यांचं नाव 1773 मध्ये शनिवारवाड्यातल्या खुनाशी कसं जोडलं गेलं. प्रश्न असतील तर जरूर विचारा.