‘बसवणे’ आणि ‘बसणे’ : विकासात मागे राहिलेल्या बालकांच्या हालचाल-उपचाराची भाषा

मराठीतील ‘बसवते’ हे रूप दोन निराळे अर्थ वाहते. ‘आई मुलाला बसवते’ या वाक्यात ते प्रयोजक क्रियापद आहे. बसतो तो मुलगा, परंतु क्रियेचे कर्तृत्व आईकडे आहे. ‘मुलाला आता बसवते’ या वाक्यात तेच रूप शक्य क्रियापद ठरते. बसण्याचे सामर्थ्य मुलाच्याच ठिकाणी आलेले असते. विकासात मागे राहिलेल्या बालकांच्या भौतिकोपचाराने गेल्या काही दशकांत जी वाट चालली, ती पहिल्या अर्थाकडून दुसऱ्या अर्थाकडे नेणारी आहे.

मान धरणे, पालथे पडणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, पाऊल टाकणे हा क्रम घरोघरी परिचित आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानकांनुसार बहुतेक निरोगी बालके ९ महिन्यांच्या सुमारास आधाराविना बसू लागलेली असतात आणि १८ महिन्यांच्या आत स्वतः चालतात. या मर्यादा ओलांडल्यास तपासणी आवश्यक होय. ‘काही मुले उशिरा चालतात’ या समजुतीपायी मोलाचा काळ निघून जातो. विलंबाची कारणे अनेक आहेत. मेंदूच्या पक्षाघातात वाढत्या मेंदूला एकदाच इजा झालेली असते. ती वाढत नाही, परंतु ताठर स्नायू हाडांच्या वाढीबरोबर पुरेसे लांबत नाहीत आणि सांधे आखडत जातात. डाउन संलक्षणात याउलट अंग सैल असते.

१९४० च्या दशकात लंडन येथे बर्टा व कारेल बोबाथ या दांपत्याने मेंदूच्या पक्षाघातावर जी पद्धती विकसित केली, तिच्यात उपचारकाच्या हातांना प्रधान स्थान होते. शरीराची अनिष्ट ठेवण हातांनी आवरावी व योग्य हालचाल घडवून आणावी, अशी तिची मूळ धारणा. ही पद्धती पुढे बदलत गेली. तथापि इओना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली उपलब्ध संशोधनाचा जो आढावा घेतला, त्यात हातांनी ताणून घेण्याला आणि हालचाल घडवून आणण्याला फारसा आधार आढळला नाही. मुलाला स्वतः करावेसे वाटणारे कार्य निवडून त्याचा पुनःपुन्हा सराव, आणि तोही शक्य तेथे घरी, हाच मार्ग अधिक फलदायी दिसला. मर्दनाने अंगाला व मनाला सुख होईल. चालणे मात्र चालण्याच्या प्रयत्नानेच येते.

सोलापूरसारख्या नगरात हा विचार विशेष महत्त्वाचा ठरतो. यंत्रमाग आणि विडीकाम यांवर येथील असंख्य कुटुंबांचा निर्वाह चालतो. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या आईला व्यायामासाठी वेगळा तास काढणे दुष्कर आहे; म्हणून उपचार दिनक्रमातच गुंफावा लागतो. सोलापुरी चादरीची घट्ट गुंडाळी पालथ्या मुलाच्या छातीखाली ठेवून कोपरे पुढे घेतली, की मान उचलणे सुलभ होते. ज्याचे पाय कात्रीप्रमाणे एकमेकांवर येतात, त्याला कडेवर घेताना मांड्या आईच्या कमरेच्या दोन्ही बाजूंस ठेवल्यास त्या फाकलेल्या राहतात. तळवे जमिनीला टेकतील अशा बेताच्या उंच पाटावरून उठून खेळणे घेण्याने पायांत बळ येते. पांगुळगाडा मुलाने मागे उभे राहून ढकलायचा असल्याने भार त्याच्याच पायांवर राहतो. आत बसवून फिरवण्याच्या चाकाच्या वॉकरमध्ये तसे होत नाही. असे वॉकर अपघातांच्या भयास्तव कॅनडाने २००४ साली निषिद्धच केले. अर्थात कोणत्या मुलाला काय मानवेल, याचा निर्णय भौतिकोपचारतज्ज्ञानेच करावा.

ही सूचना आईपर्यंत पोचते ती शब्दांतून. ‘व्यायाम द्या’ या उपदेशात काय करावे हे उमगत नाही. ‘मांडी घालून’, ‘उकिडवे’, ‘पाय पसरून’, ‘गुडघे टेकून’ या शब्दांत अंगाची ठेवण नेमकी उभी राहते. सोलापुरात तर आईची भाषा मराठीच असेल असे नाही. ती तेलुगू, कन्नड वा दखनी असू शकते. तेलुगूत ‘नडिपिंचु’ म्हणजे चालवणे आणि चालता येणे यासाठी ‘नडवगलदु’ अशी वेगळी रचना. कन्नडमध्येही ‘नडेसु’ हे प्रयोजक रूप शक्यार्थ दाखवत नाही. मराठीतील द्व्यर्थी रूप भाषांतरित करणाऱ्याला म्हणून दोहोंपैकी एक अर्थ निवडावाच लागतो, आणि निवड चुकली तर मुलाच्या प्रगतीची नोंदही चुकते.

तपासणीच्या वेळी ‘मूल बसते का?’ असे विचारल्यावर ‘बसवले की बसते’ हे उत्तर अनेकदा मिळते. नोंद ठेवणारा त्यातून केवळ ‘बसते’ एवढेच टिपून घेतो. वस्तुतः बसवल्यावर बसलेले राहणे आणि झोपलेल्या स्थितीतून आपण होऊन उठून बसणे हे विकासाचे दोन वेगळे टप्पे आहेत, आणि पुढील उपचार कोणता हे त्या भेदावर अवलंबून असते. आईने हा भेद आपल्या भाषेत अचूक सांगितलेला असतो. तो जसाच्या तसा नोंदवला जावा, एवढी दक्षता प्रत्येक उपचारकेंद्रास विनाव्यय घेता येण्यासारखी आहे.