फ्रीमाँट: पाच गावांचं एक शहर

कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट म्हटलं की आपल्याला आठवतात तिथले आयटीवाले नातेवाईक. पण हे शहर जन्मलं १९५६ साली, सेंटरव्हिल, नाइल्स, अर्व्हिंग्टन, मिशन सॅन होजे आणि वॉर्म स्प्रिंग्स ही पाच गावं एकत्र येऊन. त्यातलं नाइल्स माझं लाडकं! चार्ली चॅप्लिनच्या १९१५च्या ‘द ट्रॅम्प’चं चित्रीकरण तिथलंच. पुढे फळबागा गेल्या, घरं आली, १९७२मध्ये बार्ट रेल्वेही आली. जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ला बंद पडला. १९८४पासून तिथेच टोयोटाच्या भागीदारीत गाड्या बनू लागल्या आणि २०१०मध्ये तो टेस्लाने घेतला. १९६०ची सुमारे ४४ हजारांची वस्ती २०२०पर्यंत २ लाख ३० हजारांवर गेली. तिकडे कुणाकडे गेलात, तर नाइल्सचं मूकपट संग्रहालय चुकवू नका.