इंदापूरचा पाऊस, समुद्राच्या गाळात

इंदापूर तालुका नीरा नरसिंहपूरला संपतो. बारामतीची कऱ्हा पोटात घेऊन आलेली नीरा इथे भीमेला मिळते, भीमा पुढे कृष्णेला. आपल्या रानातली माती जाते पूर्वेच्या समुद्राकडे आणि पाऊस येतो पश्चिमेच्या समुद्रावरून. तोही सह्याद्रीवर बहुतेक रिता होऊन. आपल्या वाट्याला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर. बहात्तरचा दुष्काळ सांगणारे पारावर अजून भेटतात, १८७६ चा कागदोपत्री सापडतो. हजारो वर्षांमागचे मात्र समुद्रतळाच्या गाळालाच विचारावे लागते.

त्या गाळात एमिलियानिया हक्सलेयी नावाचे शैवाल असते. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहूनही लहान, अंगावर चुनखडीच्या चकत्या. ते अल्कीनोन नावाचे, ३७ कार्बन अणूंचे मेणासारखे रेणू बनवते. पाणी उबदार असेल तर दोन दुहेरी बंधांचे रेणू जास्त, गार असेल तर तीन बंधांचे. (थंडीत तूप थिजते आणि करडईचे तेल पातळ राहते, त्यामागेही दुहेरी बंधच आहेत.) शैवाल मरते, रेणू गाळात टिकतात. त्यांचे गुणोत्तर दर अंशाला सुमारे ०.०३४ ने बदलते. त्यावरून त्या काळच्या पाण्याचे तापमान काढता येते. मालदीवजवळच्या गाळावर १९९३ मध्ये असे काम प्रसिद्ध झाले. वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगात तिथले पाणी आजच्यापेक्षा फार तर अडीच अंशांनी गार होते.

पण २८-२९ अंशांच्या पुढे तीन बंधांचे रेणू जवळजवळ संपतात आणि हा तापमापक आंधळा होतो. आपले समुद्र तर तेवढे तापतातच. शिवाय पाण्याचे तापमान कळले म्हणून इंदापुरात पाऊस किती पडला ते कळत नाही. ही उडी मारणाऱ्यांपासून मी जरा लांबच राहतो.

पावसाच्या जास्त जवळ नेतो तो गोदावरीच्या मुखासमोरचा गाळ. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला मुख्य साक्षीदार शैवाल नव्हे, तर नदीने वाहून आणलेले पानांवरचे मेण. सुमारे ४,००० ते १,७०० वर्षांपूर्वीच्या काळात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्याचे त्यावरून दिसते. खोरे गोदावरीचे, भीमेचे नव्हे. तरी त्याच काळात घोड नदीकाठी, आपल्याच पुणे जिल्ह्यात, इनामगाव वसले आणि उठले. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे बांध आणि पाण्याचा चर सापडला. इसवीसनपूर्व १००० नंतर चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, ७०० च्या सुमारास गाव ओस पडले. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी याचे कारण कोरडे होत गेलेले हवामान मानले. नीरा डाव्या कालव्यावर उसाला पाणी देणाऱ्याला तो चर परका वाटू नये.

आता भीमेचा बराचसा गाळ समुद्रापर्यंत जातच नाही, उजनी धरणात बसतो. कडक उन्हाळ्यात पाणी हटले की पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते आणि भोवती वाळल्या गाळाचे पापुद्रे तडकलेले दिसतात. चिमूटभर गाळ सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर त्यात काचेच्या कवचांचे डायटम नावाचे शैवाल निघेल.