पेटंट जर्मनीचं, ऊन परभणीचं

'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण आपल्याकडे शेंबडं पोरही ऐकवतं. टर्बोच्या बाबतीत ती शब्दशः खरी करून दाखवता येते. इंजिनातून फुकट जाणाऱ्या धुरावर पंखा फिरवायचा आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या पंख्याने इंजिनात हवा कोंबायची, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या २६ वर्षांच्या स्विस इंजिनिअरची. तिचं पेटंट १६ नोव्हेंबर १९०५ या तारखेचं, आणि ते जर्मनीतलं. वीस वर्षांनी 'प्रॉयसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांना त्याचा टर्बो बसला आणि १७५० अश्वशक्तीचं इंजिन २५०० देऊ लागलं. जर्मनीचं झालं. आता परभणीचं सांगतो, कारण टर्बो गाडीची खरी परीक्षा घेण्याचं सामान आपल्या जिल्ह्यात भरपूर आहे. मे महिन्यातलं ऊन, काळ्या रानातली धूळ आणि गोदाकाठचा ऊस.

घरच्या कुकरात १५ पीएसआय

बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा टर्बोने चढवलेला जास्तीचा दाब. तो पीएसआयमध्ये मोजतात. पंक्चरवाल्याला आपण 'तीस टाक' म्हणतो ना, तेच माप. चारचाकीच्या टायरात तीस-बत्तीस असते, तर रोजच्या वापरातल्या टर्बो पेट्रोल गाडीचा बूस्ट बहुधा ७ ते १५च्या दरम्यान असतो. १५ पीएसआय म्हणजे जवळजवळ १ बार. शिट्टी व्हायच्या बेतात असलेल्या घरच्या कुकरात साधारण तेवढाच दाब असतो. म्हणजे वरणभात शिजतो त्या दाबाने इंजिनात हवा भरली जाते.

किती हवा? दीड लिटरचं इंजिन ५००० फेऱ्यांवर, ७ पीएसआय बूस्टने पळतंय असं धरा. तापमानाचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवला, तर दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली ते पाचेक मिनिटांत ओढून रिकामी करेल. आणि हे काम करणारा पंखा तळहातावर मावतो! छोट्या गाड्यांचे टर्बो मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेतात. 'एक' म्हणेपर्यंत तीन हजारांवर फेरे होऊन जातात.

येलदरीचा दरवाजा आणि खोटी पातळी

धरण भरलं की दरवाजे उचलून जास्तीचं पाणी सोडून द्यावं लागतं. जिंतूर तालुक्यात येलदरी पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. टर्बोलाही असाच दरवाजा असतो, त्याला वेस्टगेट म्हणतात. ठरलेला दाब आला की स्प्रिंग दबते, दरवाजा उघडतो आणि काही धूर पंख्याला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे निघून जातो. पंखा आवरतो आणि बूस्ट वाढायचा थांबतो.

बूस्ट कंट्रोलर या दरवाजावर बसलेल्या माणसाला खोटी पातळी सांगतो. एवढंच त्याचं काम. खरा दाब १० आहे, पण दरवाजापर्यंत जाणाऱ्या नळीत तो ७च पोहोचू देतो. दरवाजा म्हणतो, अजून वेळ आहे. म्हणून लक्षात घ्या, कंट्रोलर लावून बूस्ट फक्त वाढवता येतो. स्प्रिंगच ७ पीएसआयची असेल तर जगातला सर्वांत महागडा कंट्रोलर लावूनही तो ५ वर आणता येत नाही. कमी हवा असेल तर स्प्रिंगच बदलायची. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे: स्प्रिंगच्या दुपटीच्या पलीकडे गेलं की दरवाजावर भरवसा ठेवणं अवघड होतं.

छर्रा की कॉइल?

कंट्रोलरचे ढोबळ प्रकार दोन. पहिला हाताने पिळायचा. पितळेच्या छोट्या नळकांड्यात एक छर्रा आणि एक स्प्रिंग. दाबाने छर्रा उचलला जाईपर्यंत दरवाजाला काहीच कळत नाही. त्यामुळे दरवाजा घट्ट मिटलेला राहतो आणि बूस्ट झटकन चढतो. वायर नाही, कॉम्प्युटर नाही. याच कुळातला साधा भाऊ म्हणजे नळीतली थोडी हवा बाहेर सोडून देणारा कॉक. तो स्वस्त, पण दरवाजा त्याच्यामुळे लवकर किलकिला होतो आणि गाडी आळशी वाटते. मी तरी तो सुचवणार नाही. छर्ऱ्याचा घेताना त्याला केसाएवढं भोक आहे ना, हे पाहून घ्या. ते नसेल तर नळीत अडकलेला दाब बाहेर पडायला वाट उरत नाही.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक. त्यात सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी छोटी झडप, सेकंदाला वीस-तीस वेळा टकटक करतो आणि त्यातला किती वेळ उघडं राहायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. गिअरप्रमाणे, वेगाप्रमाणे, इंजिनच्या तापमानाप्रमाणे बूस्ट वेगळा ठेवता येतो. परभणीत राहणाऱ्याने रोजच्या गाडीसाठी हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच, ते उन्हात दडलंय.

जोडणी मात्र अशी करायची की वायर तुटली, फ्यूज उडाला, तर झडप आपोआप मोकळी होऊन दरवाजाला खरी पातळी कळेल आणि बूस्ट मुकाट्याने स्प्रिंगच्या ७ पीएसआयवर येईल. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' या आपल्या दुसऱ्या म्हणीचं यापेक्षा चांगलं तांत्रिक भाषांतर मला सापडलेलं नाही. जमलं तर दहा, नाही तर सुखरूप घरी.

उलट उदाहरणही ऐका. दरवाजाला जाणारी वीतभर रबरी नळी निसटली तर दरवाजाला काहीच कळत नाही, तो मिटलेलाच राहतो आणि बूस्ट चढत जातो. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होतं, चिरतं. सिलिकॉनची नळी, दोन्ही टोकांना क्लिप, आणि कंट्रोलर टर्बोपासून चार हात लांब. हा खर्च कंट्रोलरपुढे काहीच नाही, आणि तोच टाळला जातो.

शेंद्र्यात आलेला एन-७५

कारखान्यातून निघणाऱ्या बहुतेक आधुनिक टर्बो गाड्यांत बूस्ट कंट्रोलर आधीपासून असतोच. मराठवाड्याची त्याच्याशी जुनी ओळख आहे. २००१ साली श्कोडाने औरंगाबादजवळ (आजचं छत्रपती संभाजीनगर) शेंद्र्याला ऑक्टाव्हिया जोडायला सुरुवात केली. तिच्या टर्बो इंजिनांवर फोक्सवॅगन कुटुंबातला 'एन-७५' नावाचा व्हॉल्व्ह असे. काड्यापेटीएवढा तुकडा, काम तेच: दरवाजाला किती खरं सांगायचं ते ठरवणं. पुढे तिथूनच १.८ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाची, १५० अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस भारतीय रस्त्यांवर उतरली. टर्बो पेट्रोलचं वेड देशात पसरायच्या कितीतरी आधी ते परभणीपासून चार-पाच तासांच्या अंतरावर जोडलं जात होतं.

डिसेंबरचा दहा आणि मेचा दहा

आता मुख्य गोष्ट. काट्यावर दिसतो तो दाब, आणि इंजिनाला ताकद देते ती हवा, म्हणजे वजनावर मोजायची हवा. दोन्ही एक नव्हेत.

परभणी समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे हवेचा दाब मुळातच चारेक टक्के कमी. त्यावर मे महिन्यातली ४४ अंशांची दुपार. अशा हवेचा एक घनमीटर जेमतेम १.०७ किलो भरतो. तोच डिसेंबरातल्या ८ अंशांच्या पहाटे १.२ किलो. काटा दोन्ही वेळा १० दाखवतो, पण हिवाळ्यात सिलिंडरात आठव्या हिश्शाएवढी हवा जास्त जाते. थंडीत गाडी पाखरासारखी उडते, असं जे वाटतं ना, ते मनाचे खेळ नव्हेत.

हवा दाबली की तापते. सायकलचा पंप मारताना नळी गरम होते तसंच. टर्बोचा पंखा चांगल्यापैकी कार्यक्षम आहे असं धरून मी हिशेब मांडला. बाहेर ४४ अंश असताना फक्त ७ पीएसआय बूस्ट चढवला की टर्बोतून निघणारी हवा शंभर अंशांच्या घरात जाते. पाणी उकळेल इतकी. १५ पीएसआयला १४० ओलांडते. डिसेंबरच्या १२ अंशांत त्याच ७ पीएसआयला ती साठच्या जवळपास राहते. मधे बसलेला इंटरकूलर ही हवा निववतो, पण त्याच्यावर येणारा वाराही मेमध्ये ४४ अंशांचाच असतो. इंटरकूलर लूच्या झळांवर गार होत नाही.

तापलेली हवा पेट्रोल इंजिनात गेली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आतच उरलेलं मिश्रण स्वतःच भडकतं. हे नॉकिंग. पिस्टनवर घणाचे घाव बसल्यासारखं ते असतं आणि सायलेन्सरचा आवाज मोठा असला तर कानाला कळतही नाही. म्हणून डिसेंबरच्या रात्री शेवटच्या थेंबापर्यंत पिळून बसवलेलं ट्यूनिंग मेच्या दुपारी इंजिन खाऊ शकतं. परभणीत ट्यूनिंग करायचं तर मेमध्ये करा, दुपारी तीनला करा. उन्हात जे टिकलं ते थंडीत टिकेल, फक्त थंडीत जास्त हवा जाते म्हणून वरची मर्यादा कॉम्प्युटरला आधीच घालून द्या. इलेक्ट्रॉनिक घ्या म्हटलं ते यासाठी. छर्ऱ्याला ऋतू कळत नाहीत.

नॉकिंग इंजिनालाच ऐकू द्यावं, ही अक्कल स्वीडनच्या साबने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवली. इंजिनच्या ठोकळ्यावर कान बसवला. नॉकिंग ऐकू आलं की बूस्ट आपोआप खाली. हलकं पेट्रोल भरा, भारी भरा, गाडी स्वतःच जुळवून घ्यायची.

शर्यतीतल्या गमती

१९५२च्या इंडियानापोलिस शर्यतीत पहिल्या क्रमांकावरून सुटलेली गाडी डिझेलवर चालणारी होती, आणि टर्बो लावलेली. कमिन्सची. दहा वर्षांनी ज्या कमिन्सने पुण्यात किर्लोस्करांबरोबर कारखाना काढला, तीच. सत्तरेक फेऱ्यांनंतर गाडी थांबली, कारण टर्बोचं तोंड ट्रॅकवरच्या रबराच्या कचऱ्याने भरलं. आपल्याकडे ज्वारीच्या खळ्याच्या हंगामात एअर फिल्टर काढून पाहिलेल्याला ही गोष्ट फार जवळची वाटेल.

१९७७ साली रेनोने फॉर्म्युला वनमध्ये पहिली टर्बो गाडी आणली. ती इतक्यांदा धूर सोडत बंद पडायची की तिला पिवळी किटली नाव पडलं. मग टर्बो इतके माजले की नियामकांनी सगळ्यांना सक्तीची शिट्टी बसवली: १९८७ला ४ बार, १९८८ला २.५ बार, बाहेरच्या हवेचा दाब धरून. आणि बघा, त्या सर्वांत कमी बूस्टच्या वर्षी मॅक्लारेन-होंडाने १६पैकी १५ शर्यती जिंकल्या!

१९९५च्या कॅटालोनिया रॅलीत टोयोटाच्या टर्बोच्या तोंडाशी नियमाचं ३४ मिलिमीटरचं बूच होतं. तपासायला काढलं की निर्दोष. गाडीत बसवून क्लिप आवळली की आतल्या स्प्रिंगा सरकून बाजूने हवेला चोरवाट मिळायची. संघाला एक वर्षाची बंदी झाली. कारागिरी मात्र अशी की पकडणारेही थक्क झाले.

ऊस पेट्रोलच्या टाकीत

गंगाखेड-पाथरीकडच्या रस्त्यांवर हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकलात तर वैतागू नका. तो ऊस तुमच्या टर्बोचा मित्र आहे. देशभरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल ऊस, मका, तांदळापासून होतं. त्याचं बाष्प होताना ते पेट्रोलच्या अडीच पट उष्णता शोषतं. सिलिंडरात जाऊन ते माठाचं काम करतं आणि नॉकिंग लांब ठेवतं. १९६२च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये याच कामासाठी पाणी आणि मिथेनॉलची वेगळी टाकी होती. मालक ती भरायला विसरत, हे तिचं दुर्दैव.

एक सावधगिरी मात्र हवी. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त द्यावं लागतं. जुन्या पेट्रोलवर बसवलेलं ट्यूनिंग तसंच ठेवून बूस्ट वाढवला तर मिश्रण सुकं पडतं. सुकं मिश्रण, चढा बूस्ट आणि मे महिना हे तिघे एकत्र येऊ देऊ नका.

डिझेलवाल्यांचा हिशेब वेगळा. तिथे नॉकिंगचा हा प्रश्न नाही. नुसता बूस्ट वाढवून फारसं हाती लागत नाही, आणि नुसता डिझेलचा पंप वाढवला तर काळा धूर आणि तापलेला टर्बो.

करायचं कसं

आधी कंट्रोलर न लावता गाडी चालवून स्प्रिंगचा खरा आकडा काढा. मग एकेक पीएसआयने वर चढा, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) किंवा बंदिस्त धावपट्टीवर, तिसऱ्या गिअरमध्ये. मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर आणि नॉकिंगची नोंद समोर हवी. काटा ठरलेल्या आकड्याच्या वर उसळी मारून खाली येत असेल तर कंट्रोलरचा उतावळेपणा, ज्याला गेन म्हणतात, तो कमी करा. फेऱ्या वाढतील तसा बूस्ट आपोआप वर सरकत असेल तर कंट्रोलर निर्दोष आहे. दरवाजाच लहान पडतोय. आणि बूस्ट वाढूनही ताकद वाढेना झाली की तिथेच थांबा. त्यापुढे टर्बो फक्त हवा तापवतो.

एमएच-२२ पाटीच्या गाडीवर हे करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नजरेखालून घाला. कंपनीने नोंदवलेल्या तपशिलापेक्षा गाडी वेगळी करायला ते मनाई करतं. वॉरंटी आणि विम्याचा प्रश्नही त्यातच आला. जिंतूर रोड ही शर्यतीची जागा नव्हे.

शेवटी एक वही ठेवा, डॅशबोर्डच्या कप्प्यात. प्रत्येक बदलापुढे बाहेरचं तापमान लिहा, कारण त्याशिवाय बूस्टचा आकडा अर्धाच. नोंद अशी दिसायला हवी: १८ मे, दुपारी ३, बाहेर ४३ अंश, बूस्ट ९, इंटरकूलरनंतर हवा ६१, नॉकिंग नाही.