नगरचं पाणी, लेखांक ६ : एकच पाणी, दोन वह्यांत

पावसाळा सरला की भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसं टेप घेऊन ठरलेल्या निरीक्षण विहिरींवर जातात. वर्षातून चार फेऱ्या होतात : ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे. काठावरच्या ठरावीक खुणेपासून पाणी किती खाली आहे, एवढंच मोजायचं असतं. ऑक्टोबरची नोंद मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहतात आणि उन्हाळ्यात कुठे टंचाई येणार याचा अंदाज बांधतात. मागच्या लेखांकात आपण घाटघर-रतनवाडीत कोसळणारा आणि कर्जत-जामखेडला हुलकावणी देणारा पाऊस पाहिला. तो जमिनीत शिरला की त्याचा हिशेब कसा लागतो, ते आता पाहू.

समजा, मे महिन्यात नऊ मीटरवर गेलेलं पाणी ऑक्टोबरात पाच मीटरवर आलं. विहीर चार मीटर भरली. पण शिवाराखाली चार मीटर पाणी साठलं का? मुळीच नाही. नगर जिल्हा जवळजवळ सगळा बेसाल्टवर बसला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले. प्रत्येक थराच्या माथ्यावर वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली आणि खालचा भाग घट्ट कातळ झाला. विहीर खोदणारे हे पुस्तकाशिवाय ओळखतात : वर मुरूम, मग भोकांचा मांजऱ्या, मग काळा पाषाण. भोकं दिसली म्हणून पाणी मिळतं असंही नाही. ती बरीचशी नंतरच्या खनिजांनी बुजलेली असतात, एकमेकांना जोडलेलीही नसतात. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगांत. म्हणून सरकारी भूजल मूल्यांकनात अशा खडकातून उपसता येणारं पाणी खडकाच्या घनफळाच्या साधारण २ टक्के धरतात. उत्तरेच्या वाळूमिश्रित गाळाच्या प्रदेशात हाच आकडा १६ टक्क्यांच्या आसपास असतो.

चार मीटरचे २ टक्के म्हणजे आठ सेंटिमीटर. हिवरेबाजारचं शिवार ९७६ हेक्टर आहे. सगळीकडे पातळी सारखीच चढली असं मानलं, तर हिशेब होतो सुमारे ७८ कोटी लिटर. ऐकायला प्रचंड वाटतं, पण एक हेक्टर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं. म्हणजे सगळं गाव कोरडं ठेवलं तरी चाळीस हेक्टरही ऊस भिजणार नाही. या गावाने ऊस-केळी आणि शेतीसाठी बोअर यांना बंदी का केली, ते या भागाकाराकडे पाहिलं की कळतं. नगर तालुक्यातलं हे गाव, पाऊस जेमतेम ४०० मिलिमीटर. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर आधी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, सलग समतल चर, बंधारे ही कामं झाली. त्यांची कीर्ती सगळीकडे गेली. माझ्या मते गावाचं खरं वेगळेपण त्यानंतरचं आहे. इथे दरवर्षी पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद गावापुढे मांडतात. माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर पिकं ठरवतात. बंधारे आता गावोगाव आहेत, ताळेबंद मात्र फार थोड्या ठिकाणी आहे.

नारळ घेऊन पाणी शोधणाऱ्या पाणाड्याबद्दल वाचक नेहमी विचारतात, म्हणून जाता जाता. मुरमाचा थर बऱ्यापैकी जाड असेल तर तळहातावरचा नारळ कुठेही उभा राहिला तरी खाली थोडंफार पाणी लागतंच. किती आणि किती दिवस, हे नारळ सांगत नाही. ते पंप लावून, उपसा करून आणि पातळी परत चढायला लागणारा वेळ मोजूनच कळतं.

विहिरीची वही भूजल यंत्रणेकडे, तर नदीची आणि धरणाची जलसंपदा विभागाकडे. पाण्याला ही वाटणी ठाऊक नाही. दिवाळीनंतर पाऊस नसताना ओढा वाहतो, तो कशाच्या जोरावर? मुरमातलं पाणी उताराने झिरपत ओढ्याच्या पात्रात उतरतं त्याच्या जोरावर. तो प्रवाह मोजायला मोठी यंत्रं लागत नाहीत. पात्रात आडवी फळी, तिच्यात काटकोनाची खाच, की झाली व्ही-नॉच. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर उंच वाहत असेल तर सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, म्हणजे दिवसाला पावणेचार लाख लिटरहून थोडं जास्त. उंची दुप्पट झाली की प्रवाह साडेपाच पटीहून अधिक वाढतो. म्हणून ‘ओढ्याला जरा कमी पाणी आहे’ या म्हणण्यावर विसंबू नये. नजरेला जरा वाटणारी घट प्रत्यक्षात निम्म्याहून मोठी असू शकते.

आता दुहेरी हिशेब बघा. काठच्या विहिरींनी डिसेंबरात उपसा वाढवला की ओढा जानेवारीत आटतो. विहिरींच्या वहीत ते पाणी उपलब्ध म्हणून धरलेलं असतं, ओढ्याच्या वहीत प्रवाह म्हणून. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यांनी हा घोळ वाढवला. नावाने हा जलसंधारणाचा उपाय, पण विहिरीतलं किंवा बोअरचं पाणी उपसून त्यात साठवलं तर जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी आपण उन्हात आणून ठेवतो. आपल्या हवेत उघड्या पाण्यावरून वर्षाकाठी दीड मीटरहून अधिक थर उडून जातो. डाळिंब जगवायला शेतकऱ्याला शेततळ्याची गरज पडते, हे खरंच. पण ते साठवण आहे, पुनर्भरण नव्हे.

प्रवरेच्या लाभक्षेत्रात गोष्ट उलटी आहे. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. ओझरच्या बंधाऱ्यावरून निघालेल्या दोन्ही कालव्यांनी खालच्या पट्ट्यात ऊस उभा केला. कालव्यातून आणि पाटपाण्यातून मुरलेल्या पाण्याने तिथल्या विहिरी पावसाच्या भरवशावर राहिल्या नाहीत. मात्र पिकं पाणी पितात आणि क्षार मागे सोडतात. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीत ते साचतात, जमीन चोपण होते, विहिरीचं पाणी मचूळ लागतं. जास्तीच्या युरियातला नत्र नायट्रेट होऊन खाली उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याला ना चव, ना रंग, आणि उकळूनही तो जात नाही. पातळीची नोंद अशा विहिरीला उत्तम ठरवते. म्हणून पातळीच्या शेजारी क्षारांचा आणि नायट्रेटचा रकाना नसेल तर ‘पाणी आहे’ हे विधान अर्धवट राहतं.

या दोन वह्यांचं भांडण सगळ्यात मोठ्याने ऐकू येतं ते पैठणच्या जायकवाडी धरणासाठी पाणी सोडतात तेव्हा. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासानंतर जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये समन्यायी वाटपाचा आदेश दिला. त्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. २०२३ च्या टंचाईत नगर आणि नाशिकच्या धरणांतून मिळून साडेआठ टीएमसीच्या आसपास पाणी सोडण्याचा आदेश निघाला. अशा वेळी केटी बंधाऱ्यांच्या फळ्या काढतात आणि काठच्या पंपांची वीज बंद करतात. तरीही सोडलेलं सगळं पाणी पैठणला पोचत नाही. थोडं उडून जातं, काही पात्रात मुरतं. मुरलेल्या पाण्याला धरणाची वही ‘वहनव्यय’ म्हणते आणि खर्ची टाकते. त्यातलं बरंचसं नेवाशाकडच्या काठावरच्या विहिरींत चढलेलं दिसायला हवं. मात्र तिथल्या विहिरींची पुढची फेरी असते जानेवारीत, आणि तोवर रब्बीचा उपसा सुरू झालेला असतो. पाणी सोडण्याच्या आदल्या दिवशी आणि नंतर दर आठवड्याला काठच्या काही विहिरी मोजल्या, तर नदीने जमिनीला किती दिलं याचा आकडा हाती येईल. त्याला लागेल फक्त एक टेप.

पुढच्या लेखांकात : चोपण जमिनीचा निचरा