मरळ आणि तिचीं तांबडीं पिलें

नागपूरच्या मासळीबाजारांत इतर मासे बर्फावर निपचित पडलेले असतात. मरळ मात्र घमेल्यांतील ओंजळभर पाण्यांत वळवळत असते. नव्या गिऱ्हाइकास याचें नवल वाटतें. मरळीच्या डोक्यांत, कल्ल्यांच्या वरच्या अंगास, एक पोकळी असून तिच्या ओलसर अस्तरांतून ती हवेंतील प्राणवायु घेते. ही नुसती सोय नव्हे. वर येऊन हवेचा घोट घेतां आला नाहीं, तर मरळ पाण्यांत असूनहि गुदमरते. जाळ्याखालीं दाबून धरल्यास मासा बुडून मरतो, ही गोष्ट प्रथम ऐकणारास थट्टाच वाटावी!

वैनगंगा व कन्हान यांच्या संथ डोहांत आणि भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावांत तिची वस्ती असते. डोकें सापासारखें चपटें, मोठ्या खवल्यांनीं मढलेलें; जबडा रुंद, दांत तीक्ष्ण. लांबवर पाठलाग करण्याचा तिचा स्वभाव नाहीं. गवताआड निश्चल राहून जवळ आलेला मासा वा बेडूक ती एका झेपेंत गिळते. या कुळाची धास्ती अमेरिकेनेंहि घेतली आहे. २००२ सालीं मेरीलँड राज्यांतील क्रॉफ्टन येथील तळ्यांत चिनी जातीची मरळ सांपडली, तेव्हां तेथील सरकारनें विष घालून तळ्यांतील मासे मारले आणि त्याच वर्षीं या कुळांतील जिवंत माशांची आयात त्या देशांत बंद झाली.

अशा या खादाड प्राण्याचें निराळें रूप पावसाळ्यांत पाहावें. नर-मादी उथळ पाण्यांतील वनस्पति सारून जागा मोकळी करितात, तरंगत्या अंड्यांवर पहारा ठेवितात आणि पिलें निघाल्यावरहि त्यांच्याखालून फिरत राहतात. पिलें तांबूस-नारिंगी असतात. त्यांचा घोळका हवेसाठीं वर आला कीं पाण्यावर लाल ठिगळ दिसतें. ढिवराच्या नजरेस तेवढी खूण पुरते. तो तेथेंच गळ सोडतो, आणि पिलांच्या रक्षणार्थ धांवून आलेली मरळ, भूक नसतांहि, त्यावर तुटून पडते. पोरकीं झालेलीं पिलें मग इतर माशांच्या तोंडीं जातात. बाजारच्या तराजूंत त्यांचें वजन कोठेंच धरलेलें नसतें. तो लाल घोळका काळसर होऊन विखुरेपर्यंत गळ बाजूस ठेविला, तर ढिवरास फार तर कांहीं आठवडे थांबावें लागेल.