गेटवरची भाषा

रात्री अकराला सोसायटीच्या गेटवर गाडी अडते. पाहुण्याचे नाव वहीत नाही. 'मला ओळखत नाहीस?' असा आवाज चढतो, तेव्हा सुरक्षारक्षकाच्या हाती काय असते? कायद्याने अटकेचा अधिकार त्याला कुणाही नागरिकाइतकाच: डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला, तर माणसाला धरून सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करणे. उद्धटपणा त्यात बसत नाही. उरते ती भाषा.

या भाषेचा पद्धतशीर विचार अमेरिकेत जॉर्ज थॉम्पसन यांनी केला. इंग्रजीचे हे प्राध्यापक पुढे पोलिसात गेले. १९८३ मध्ये त्यांचे 'व्हर्बल जूडो' आले. आधी विनंती, मग कारण, मग पर्याय, असा त्यांचा क्रम. अपमानाला उत्तर न देता 'तुमचा राग समजतो, पण' म्हणत मुद्द्यावर परतायचे. पर्यायही असा, की समोरच्याची अब्रू राहील: 'साहेब, वर फोन लावतो, तोवर गाडी जरा बाजूला घेता का?'

मराठीत मात्र ठिणगी सर्वनामापाशीच पडते. इंग्रजी 'यू'ला ही अडचण नाही. इथे अरे-तुरे ऐकून घेणाऱ्याने अहो-जाहोच करायचे असते, तेही बारा तासांच्या पाळीत. केंद्राच्या आदर्श नियमांत त्याच्यासाठी १०० तासांचे वर्गातले आणि ६० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. रहिवाशांसाठी एका तासाचेही नाही! तक्रार झालीच तर बदली वॉचमनची होते. म्हणून वेळ, गाडीचा नंबर आणि झालेले बोलणे त्याने त्याच रात्री वहीत लिहून ठेवावे.